दिवे घाटात सासूबाई हरवल्या. त्या दिवसाचे आभार कसे मानायचे?

शेवंता (पुणे)

यंदा माउलींच्या पालखीबरोबर हडपसर ते सासवड चालायचंच, हा हट्ट सासूबाईंचा. वय चौऱ्याहत्तर, गुडघे ठणठणीत, कान मात्र गेलेले. सोबतीला मी. माझं देवाधर्माचं म्हणाल तर घरचा गणपती मी बसवते आणि उठवते, एरवी वर्षभर त्याचं-माझं फारसं बोलणं नसतं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही जन्माची वारकरी.

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवडकडे वळते. वडकीच्या विसाव्यापर्यंत सगळं झकास होतं. एकादशी असल्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, राजगिऱ्याच्या वड्या, साबुदाण्याची खिचडी आणि चहा चालू होता. आईंनी प्रत्येक ठिकाणी थांबून थोडंथोडं घेतलं, नाही म्हटलं तर देणाऱ्याला वाईट वाटतं म्हणून. एरवी घरी एकादशीला एक भगर पुरते त्यांना.

घाट सुरू व्हायच्या आधी त्यांनी कानातलं यंत्र काढलं. एवढे टाळ एकदम वाजले की ते कानात किंचाळतं म्हणे. यंत्र गेलं कमरेच्या बटव्यात. बटव्यात आणखी दीडशे रुपये, रक्तदाबाची गोळी आणि सुपारीची खांडं. फोन त्यात मावेना म्हणून तो माझ्या सॅकमध्ये.

घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात आणि ते बघायला गर्दी उसळते. "रथ आला, रथ आला" झालं, स्वयंसेवकांनी दोर धरून रस्ता मोकळा केला आणि मी दोराच्या या अंगाला, आई त्या अंगाला. रथ गेला, मागून दिंड्या. चालत्या दिंडीची ओळ मधूनच तोडून पलीकडे जाता येत नाही. मी घुसायला बघितलं तर एका आजोबांनी हातातले टाळ न थांबवता नुसत्या भुवईने मला मागे सरकवलं. फट सापडून पलीकडे पोचले तेव्हा तिथे एक मुलगी पायातला काटा काढत बसली होती. आई नव्हत्या.

मग पाऊस आला. घाटातला पाऊस, आडवा.

घाटमाथ्यावर पोलीस मदत केंद्र होतं. नाव, वय, साडीचा रंग सांगितला. हवालदारांनी लगेच कर्ण्यावरून पुकारा सुरू केला आणि दुसऱ्या पुकाऱ्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ज्या बाईला ऐकूच येत नाही तिच्यासाठी आपण कर्णा लावून बसलोय. तसं बोलून दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "ताई, त्यांना नाही. त्यांच्या शेजारच्याला ऐकू जाईल."

नवऱ्याला फोन लागेना. लागला तेव्हा तो ऑफिसातून निघाला, पण घाटाचा रस्ता वाहनांना बंद, म्हणून बोपदेव घाटाने वळसा घालून सासवडला. मी घाटमाथ्यापासून पुढे चालत निघाले, प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईच्या तोंडाकडे बघत. नवस वगैरे बोलले नाही. पण शेजारच्या दिंडीच्या ठेक्यात माझ्या तोंडातून "विठ्ठल विठ्ठल" कधी सुरू झालं ते कळलं नाही. रडू येऊ नये म्हणून तोंडाला काहीतरी काम हवं होतं, एवढंच खरं कारण असेल. झेंडेवाडीच्या पुढे जाईपर्यंत ते चालूच होतं.

अंधारात सासवडच्या पालखीतळावर पोचलो. समाजआरतीची वेळ. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. दिंड्या गोल करून उभ्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ. चोपदारांनी दंड वर करून आरोळी दिली आणि तो सगळा तळ एका क्षणात चिडीचूप. पाऊस ताडपत्रीवर पडतोय तेवढा आवाज. मग हरवलं-सापडलंची यादी. टाळाची एक जोडी. चष्मा, काळ्या काड्यांचा. एक मोबाइल. औषधांची पिशवी. प्रत्येक वस्तूगणिक मी आणि नवरा माना उंच करत होतो. आणि मग, "पुण्याच्या एक आजी आहेत, ऐकायला कमी येतं, अमक्या दिंडीत सुखरूप आहेत, घरच्यांनी घेऊन जावं."

तंबूत गेलो तर आई कुणाचं तरी हिरवं लुगडं नेसून घोंगडीवर बसलेल्या, हातात भगरीची वाटी, आणि हिंगोलीकडची एक बाई त्यांच्या तळपायाला तेल चोळतेय. मला बघून आई म्हणाल्या, "कुठे गेली होतीस गं? मी केवढी शोधत होते तुला!"

त्या बायकांनी कर्णा ऐकलाच नव्हता. भिजलेली म्हातारी एकटी उभी दिसली, हात पुढे केला, तिने धरला, म्हणून बरोबर घेतली. चिठ्ठी लिहून चोपदारांकडे पाठवली ती दिंडीतल्या एका मुलाने. आईंना पाठ होता तो नंबर आमच्या जुन्या लँडलाइनचा, जी काढून कैक वर्षं झाली.

बटवा काही सापडला नाही. कधी सुटून पडला तेही आईंना आठवत नाही. यंत्र पस्तीस हजारांचं होतं.

निघताना नवऱ्याने पाकीट पुढे केलं. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "वाटीभर भगरीचे पैसे घेऊ का आता?" लुगडंही परत घेतलं नाही, म्हणाल्या ओल्यात उतरवू नका.

त्या रात्री गाडीत नवरा सारखं म्हणत होता, देवानेच सांभाळलं. दोन दिवसांनी नवीन यंत्राचं कोटेशन आलं तेव्हा म्हणाला, देवाने बटवाही सांभाळला असता तर काय बिघडलं असतं. आई म्हणाल्या, "तो काय तुझा वॉचमन आहे?"

तर प्रश्न दोन. एक, त्या बायकांचे हे उपकार फेडायचे कसे, कारण पाकीट तर त्या घेणार नाहीत. दोन, तेव्हापासून मला जे भरून येतंय ते कुणाच्या नावावर टाकायचं? देवाच्या, की हिंगोलीच्या?

---

कऱ्हाकाठ (सासवड)

ताई, वाचताना आमचं गाव डोळ्यांपुढे आलं. माउलींचा मुक्काम आमच्याकडे दोन रात्री असतो. ओटा, अंगण, गच्ची, शाळेचे वर्ग, जिथे पाठ टेकेल तिथे माणसं. आमच्या आळीत त्या दोन रात्री संडास-बाथरूमच्या रांगेवरून घरच्यांचीच भांडणं होतात, वारकऱ्यांची नाही. सोपानकाकांची पालखीसुद्धा द्वादशीला इथूनच निघते, त्यामुळे गावाला उसंत नसते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पाकीट देऊ नका. दिंडीत चालणाऱ्यांनी भिशी भरलेली असते, त्यातून जेवणखाण चालतं. दिंडीप्रमुखांना फोन करून पुढच्या वर्षीची एखादी पंगत मागा. एका वेळचा शिधा तुमच्याकडून. मोठ्या दिंड्यांच्या पंगती वर्षानुवर्षं त्याच घरांकडे असतात, तेव्हा लवकर विचारा, आणि नाही मिळाली तर चहा मागा. चहा कधीच कुणाला नको होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं मला झेपणार नाही.

---

तर्कट (नाशिक)

लिखाण छान. सासूबाई सुखरूप आल्या, आनंद आहे. आता माझं नेहमीचं कडू.

अशा गोष्टी सांगायला नेहमी सापडलेलेच असतात. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. तीही श्रद्धेनेच आली होती. अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, लागून असलेली दुकानं, त्यांना लागलेली आग. त्यांच्या घरच्यांनी कुणाचे आभार मानायचे?

तुमच्या गोष्टीत कर्णा होता, मदत केंद्र होतं, वाहतूक वळवलेली होती, चोपदारांची शिस्त होती. ही सगळी माणसांनी बसवलेली घडी आहे. ती चालली म्हणून तुमच्या आई घरी आल्या. श्रेय वर पाठवलं की खाली ढिलाई आली तरी कुणी जाब विचारत नाही. त्यामुळे माझं मत हिंगोलीला. आणि त्या हवालदारांना.

---

डोंबिवलीकर

तर्कटराव, पटतंय आणि नाहीही पटत. माझा अनुभव सांगतो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून सुटलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये मी होतो. मावसभावाच्या साखरपुड्याला कोल्हापूरला निघालो होतो. पहाटे जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, उल्हास नदीचं पाणी रुळांवर. उजाडल्यावर खिडकीतून बघितलं तर दोन्हीकडे नुसतं मातकट पाणी, मधे विजेच्या खांबांची टोकं. गाडीत हजारावर माणसं होती, त्यात नऊ गरोदर बायका होत्या हे नंतर पेपरात वाचलं.

आमच्या डब्यात एक काका पहाटेपासून मारुतीस्तोत्र म्हणत होते. खड्या आवाजात, न थांबता. समोरच्या बाकावर एक तरुण पोरगा तितक्याच खड्या आवाजात सगळ्या जगाला शिव्या घालत होता. दोघांचं एकमेकांशी बिनसलं, मग दोघांनी मिळून एका आजीबाईंना वरच्या बर्थवर चढवलं, आणि पुन्हा आपापलं सुरू केलं. एनडीआरएफच्या बोटी आल्या तेव्हा हे दोघे योगायोगाने एकाच बोटीत बसले. काका त्याला म्हणाले, आता तरी गप बस. पोरगा म्हणाला, आता तरी तुम्ही पण थांबा. आख्खी बोट हसली, बोट वल्हवणारे जवानसुद्धा.

सगळे सुखरूप बाहेर आले. जवळच्या गावांतली माणसं पाण्याच्या कडेला चहाची किटली आणि वडापाव घेऊन उभी होती. पुढे कल्याणहून खास गाडी सोडली, साखरपुडा अर्थातच हुकला.

आता एनडीआरएफचं प्रशिक्षण, बोटी, दोर, हे सगळं माणसांचं, मान्य. पण किटली घेऊन उभं राहायचं प्रशिक्षण कुणी देत नाही. ते जे काही आहे, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी दर २७ जुलैला वडापाव खातो. एवढीच माझी उपासना.

---

परदेशी_पाखरू

सध्या टोरांटोत. आई औंधला एकटी असते. शेवंता, तुमचं घाटमाथ्यापर्यंत वाचलं आणि फोन बाजूला ठेवून आधी आईला फोन लावला. तिथे पहाटेचे साडेतीन. शिव्या खाल्ल्या. मग उरलेलं वाचलं.

त्या हवालदारांचं "शेजारच्याला ऐकू जाईल" हे मी फ्रिजवर चिकटवलंय. आईच्या शेजारच्या काकूंना आज खूप दिवसांनी मेसेज केला, काही काम नसताना.

---

वाखरीचा_वाटसरू

राम कृष्ण हरी. मी घरी वारी चालत आलेला माणूस. आजोबा, वडील, मी. आता मुलगा येतो, पण त्याला फोन लागतो.

शेवंताताई, तुम्ही समाजआरती पाहिलीत, पण त्यातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असणार, कारण तुमचा जीव यादीत होता. चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात असं तुम्ही लिहिलंत. सगळे थांबतातच असं नाही. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. बाकी तळ शांत, आणि एका कोपऱ्यातून टाळांचा खणखणाट. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते विचारतात. पाण्याचा टँकर आला नाही, जागा बळकावली, रांगेत मागे टाकलं, काहीही असेल. ऐकून घेतात, तोड काढतात, नाहीतर वर पोचवतात. समाधान झालं की टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ वगैरे सांगतात. आणि मग आरती.

ही सगळी घडी हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. ते स्वतः शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, त्यामुळे फौजेची शिस्त त्यांना माहीत. आजही सोहळ्यात त्यांच्या दिंडीचा मान आहे. तेव्हा तर्कट म्हणतात की घडी माणसांनी बसवली, ते बरोबरच आहे. पण ज्याने बसवली त्याला विचारलं असतं की कुणासाठी बसवली, तर त्याने माउलींकडे बोट दाखवलं असतं. मला यात भांडण दिसत नाही.

आणि एक. वारीत मागायला कुणी जात नाही. पंढरपुरात पोचून पुष्कळ जण नुसतं कळसाचं दर्शन घेऊन फिरतात, कारण एकादशीला गाभाऱ्याची रांग कित्येक तासांची असते आणि घरी पेरणी खोळंबलेली असते. एवढं चालून देव दिसला नाही म्हणून कुणी चिडलेला मी पाहिला नाही. बटवा न मिळता तुमच्या सासूबाई हसत घरी आल्या, त्या आमच्यातल्याच.

---

तर्कट (नाशिक)

वाटसरूकाका, हे टाळ वाजवत राहायचं मला माहीत नव्हतं. मनापासून सांगतो, दोन वेळा वाचलं.

तक्रार मिटल्याशिवाय आरती नाही, ही पद्धत मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त भावली. माझा आक्षेप कृतज्ञतेला नव्हताच. तक्रार गिळून मानलेल्या आभारांना होता. "काही का होईना, जीव वाचला ना, आता कशाला बोलायचं" हे वाक्य ज्या घरात, ज्या कचेरीत ऐकलं तिथे पुढच्या वर्षी तोच खड्डा त्याच जागी असतो. तुमच्याकडे आधी टाळ वाजवायची मुभा आहे. मग आरतीला मीही उभा राहीन. टाळ्या बेताल पडतील, सांभाळून घ्या.

मांढरदेवीचा प्रश्न मात्र मी मागे घेत नाही.

---

निशिगंध

बरीच वर्षं नुसती वाचते, लिहीत नाही. तर्कट यांच्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

माझे वडील वारीत गेले. लोणंदच्या मुक्कामी, झोपेत. हृदयविकार. आमचं गाव परभणीकडचं. आम्ही पोचेपर्यंत दिंडीतल्या लोकांनी सगळं केलं होतं, रुग्णालय, कागदपत्रं, रुग्णवाहिका. त्यांच्यातले दोघे वारी सोडून वडिलांना गावी पोचवायला आले. वारी सोडून, हे लिहिताना आजही हात थांबतो, कारण त्यांच्यापैकी एकाची ती म्हणे कधीच न चुकलेली वारी होती.

लोक येऊन म्हणायचे, भाग्यवान, वारीत मरण आलं, सोनं झालं. मला प्रचंड राग यायचा. सोनं कसलं, माझ्या बारावीच्या निकालाला बाबा नव्हते. तो राग अजून आहे. देवाचे आभार मी मानलेले नाहीत आणि मानेन असं वाटतही नाही.

पण तेराव्याला दिंडीतली अठरा माणसं एसटीने आमच्या गावी आली. पंढरपूर उरकून, थेट. कुणी भाषण केलं नाही. बाबांच्या टाळांची जोडी आणली होती, फडक्यात बांधून. आईने ती घेतली नाही. म्हणाली, दिंडीत राहू दे, कुणाला तरी लागतील. ती अजून दिंडीत आहे. दर वर्षी कोण वाजवतं ते मला फोनवर कळवतात. यंदा एका नवख्या मुलाकडे आहे, त्याला अजून ठेका धरता येत नाही असं कळलं.

तर तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाही. फक्त अशाही घरातून कुणीतरी हे वाचतंय, म्हणून.

---

तर्कट (नाशिक)

निशिगंध, लिहिलंत, बरं केलंत. माझ्याकडे बोलायला काही नाही.

---

डोंबिवलीकर

+१. धागा इथेच थांबला तरी चालेल.

---

खटपट्या

थांबू नका, मला व्यावहारिक बोलायचंय! पुढच्या वर्षी सगळेच आपापल्या आज्यांना घेऊन निघणार, दिसतंयच.

१) कानाच्या यंत्राला दोरी मिळते, चष्म्याला असते तशी, कॉलरला चिमटा लावायचा. किरकोळ किमतीत. कानामागे बसणाऱ्या यंत्राला लागते, अगदी कानाच्या आत जाणाऱ्याला नाही. घेतानाच दुकानात विचारा. गर्दीच्या आवाजासाठी वेगळी सेटिंगही करून देतात काही यंत्रांत, म्हणजे टाळ वाजले की काढून ठेवायची वेळच येत नाही.

२) चालू मोबाइल नंबर साडीच्या पदराच्या आतल्या बाजूला कापडी चिकटपट्टीवर लिहून शिवून टाका. गळ्यातलं कार्ड पावसात भिजतं नाहीतर गुंतून तुटतं.

३) हरवलो तर कुठे भेटायचं ते निघतानाच ठरवा, आणि ते ठिकाण हलणारं नको. "रथापाशी भेटू" म्हणणारे लोक मी पाहिलेत.

४) घाटाच्या दिवशी दुपारनंतर फोन लागत नाहीत हे गृहीतच धरा. मेसेज उशिरा का होईना, जातो.

बाकी ते श्रद्धा वगैरे तुमचं चालू द्या.

---

कऱ्हाकाठ (सासवड)

"रथापाशी भेटू"! हसून मेलो. दर वर्षी रात्री आमच्या ओट्यावर असा एकतरी नवरा चहा पीत बसलेला असतो.

शेवंताताई, उपकार फेडायचं अजून एक सांगायचं राहिलं. पंगत जमली नाही तर हात वापरा. पुण्यात पालख्या असतात तेव्हा चांभार बंधू वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देतात, न्हावी बंधू दाढी-केस करून देतात, डॉक्टर मंडळी पायांचे फोड बघतात. जो तो आपल्याला जे येतं ते करतो. तुम्हाला काय येतं?

---

शेवंता (पुणे)

सगळ्यांना एकदम उत्तर देते. निशिगंध, तुमचं वाचून मी लगेच काही लिहू शकले नाही. दुसऱ्या दिवशी आईंना वाचून दाखवलं. नवीन यंत्र आलंय, पण सवय व्हायची आहे, त्यामुळे मोठ्याने वाचावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "त्या मुलाला ठेका जमला का गं?" कळलं तर सांगाल का? आम्ही दोघी वाट बघतोय.

कऱ्हाकाठ, मला शिवणकाम येतं. घरी जुनं पायमशीन आहे. वारकऱ्यांच्या पिशव्यांचे बंद तुटतात, छत्रीची कापडं निघतात, झोळ्या उसवतात, हे मी त्या दिवशी रस्ताभर बघितलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. मशीन रिक्षाने हडपसरपर्यंत न्यायचं आणि रस्त्याकडेला बसायचं, असं ठरतंय. नवरा म्हणतो परवानगी लागेल. बघू.

हिंगोलीच्या बाईंशी फोनवर बोलले. दुबार पेरणीच्या संकटात आहेत, तिकडे पाऊस नाही. पंगतीचं विचारलं तर म्हणाल्या, "ते पुढं बघू, आधी आजीला कसं आहे ते सांगा." वीस मिनिटं बोललो, त्यात पंगत एक मिनिट. आईंनी फोन हिसकावून घेतला आणि दोघी ओरडून बोलत होत्या, एकीला ऐकू येत नाही म्हणून आणि दुसरीला रेंज नाही म्हणून. लुगडं धुऊन, इस्त्री करून ठेवलंय, पण परत घेणार नाही असं त्यांनी पुन्हा बजावलं.

माझा दुसरा प्रश्न, कुणाच्या नावावर टाकायचं तो, मी आता सोडून दिलाय. वाटसरूकाकांचं उत्तर पटलं असं नाही, तर्कटांचंही पुरतं पटलं नाही. भरून येतं तेव्हा येऊ देते, एवढंच. गणपतीशी बोलणं थोडं वाढलंय. बहुतेक तक्रारीच असतात. आधी टाळ!

आईंनी धागा पूर्ण ऐकला आणि काही दुरुस्त्या सांगितल्या, त्या जशाच्या तशा देते. "बटव्यात दीडशे नाही, दोनशे रुपये होते. सुपारीची खांडं नव्हती, बडीशेप होती. मी हरवले नव्हते, मी दिंडीबरोबर होते, हरवली ती. आणि ते नाशिकचे आहेत ना, त्यांना सांग, पुढच्या वर्षी आमच्याबरोबर चला. वाटेत काय भांडायचं ते भांडू."

---

तर्कट (नाशिक)

आजींना नमस्कार सांगा. आमंत्रण अंगाशी येणार असं दिसतंय.

एक अडचण. माझा डावा गुडघा घाट चढण्यातला नाही. हडपसर ते वडकी सपाट आहे का?

---

कऱ्हाकाठ (सासवड)

सपाटच म्हणायला हरकत नाही, किरकोळ चढउतार आहे. वडकीपर्यंत या, खिचडी खा आणि परत फिरा. मात्र त्या दिवशी मागे जायला वाहन मिळत नाही, आलेली वाट चालतच जावी लागेल. म्हणजे हिशेब केला तर घाट चढून आमच्याकडे मुक्कामाला येणंच सोपं पडेल.

---

तर्कट (नाशिक)

हे आधीच ठरलं होतं ना तुमचं सगळ्यांचं?

---

शेवंता (पुणे)

आई विचारताहेत, साखरेचा चहा की बिनसाखरेचा.